चार्ज कुणी घेतला?

परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या गाडीला आधी पिंगळी लागतं, मग मिरखेल, मग पूर्णा जंक्शन. बहुतेक एक्स्प्रेस गाड्या पिंगळीला थांबत नाहीत. खिडकीतल्या प्रवाशाला फलाट, पिवळी पाटी आणि हिरवं निशाण धरून उभा असलेला रेल्वेचा माणूस एवढंच दिसतं. त्या माणसाच्या मागे, खोलीतल्या टेबलावर, काही वह्या उघड्या असतात. कामाच्या जागी माहिती आणि अनुभव कसे सांभाळावेत, यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी कपाटं भरली. पण या प्रश्नाची फार जुनी आणि फार कडक उत्तरं अशा मधल्या स्टेशनांच्या टेबलांवर सापडतात. तिथं माहिती हरवली तर नुसता वेळ जात नाही, माणसं जातात.

पिंगळीचा शिवार सांभाळणारं दुसरं दप्तर आहे ते तलाठ्याचं. स्टेशनातली माहिती दहा-पंधरा मिनिटांत शिळी होते. तलाठ्याकडची माहिती तीन पिढ्यांनंतर नातू शोधायला येतो. एवढं अंतर असूनही दोन्हीकडे अडचण एकच आहे. ज्याला ठाऊक आहे तो उठून जातो. जो येऊन बसतो त्याला ते पोचलं का, हे कुणी विचारतं का? या प्रकरणात मी मुख्यतः रेल्वेकडे पाहणार आहे, कारण तिथं हे विचारणं नियमातच बसवलेलं आहे.

हा मार्ग निजामाच्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला टाकला. हैदराबाद ते मनमाड, गोदावरीच्या खोऱ्यातून जाणारी मीटरगेज. १९९०च्या दशकात तिचा इथला भाग ब्रॉडगेज झाला, २००३ मध्ये नांदेड विभाग वेगळा झाला, आणि अलीकडे परभणी ते मुदखेड हा सुमारे ८१ किलोमीटरचा टप्पा दुहेरी झाला. रूळ बदलले की गावाला नवी गाडी दिसते. स्टेशनातल्या माणसाला मात्र आधी पाठ असलेलं बरंचसं विसरून नवं शिकावं लागतं.

दोन स्टेशनांमधल्या रुळाला रेल्वेत ब्लॉक सेक्शन म्हणतात. एका रुळावर, एका ब्लॉकमध्ये, एका वेळी एकच गाडी, हा सगळ्या नियमांचा पाया. पिंगळीहून मिरखेलकडे गाडी सोडायची तर पिंगळीच्या मास्तरने मिरखेलला ‘लाइन क्लिअर’ मागायचं. आधीची गाडी शेवटच्या डब्यासकट आली आहे, पुढे पुरेसा रूळ मोकळा आहे, हे पाहून मिरखेलचा मास्तर होकार देतो. होकार यंत्रावर येतो. एकेरी मार्गांवर देशभर नीलचं टोकन यंत्र वापरात होतं. समोरच्या स्टेशनाने संमती दिल्याशिवाय त्यातून लोखंडी गोळा बाहेर पडत नाही, आणि एक गोळा बाहेर असताना दोन्ही स्टेशनांतल्या यंत्रांतून दुसरा निघत नाही. तो गोळा चामडी पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात दिला की परवानगी मिळाली. ‘पुढचा रूळ माझा आहे’ ही माहिती अशी हातात धरता येणारी वस्तू झाली होती. कामाच्या जागी माहिती सांभाळण्याचा यापेक्षा सुंदर नमुना मला ठाऊक नाही.

यंत्र असलं तरी बोलणं असतंच. फाटकाचा गेटमन ‘गेट बंद केलं’ असं फोनवर सांगतो, शेजारचा मास्तर ‘गाडी पूर्ण आली’ असं सांगतो. बोललेलं हवेत विरतं. म्हणून प्रायव्हेट नंबर नावाची गोष्ट आहे. प्रत्येक ठिकाणी दोन आकडी नंबरांची छापील यादी असते. आकड्यांना काही क्रम नसतो, आणि यादी ड्युटीवरच्या माणसाच्याच ताब्यात असते. निरोप पक्का करताना त्यातला पुढचा नंबर सांगायचा, ऐकणाऱ्याने तो आपल्या वहीत लिहायचा, सांगणाऱ्याने यादीतून खोडायचा. त्यामुळे घाईत, अर्धवट झोपेत, ‘हो हो, ठीक आहे’ असं म्हणून निरोप उरकता येत नाही. समोरच्याने सांगितलं आणि इकडच्याने घेतलं, याचा पुरावा दोन्ही टोकांच्या कागदांवर राहतो. हे सगळं वेळेसकट ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये उतरतं: लाइन क्लिअर कधी मागितली, कधी मिळाली, गाडी कधी सुटली, पलीकडे कधी पोचली.

आपल्या कार्यालयांमध्ये निरोपाची नोंद असते ती बहुधा पाठवणाऱ्याच्या बाजूने. जावक क्रमांक पडला की काम झालं. परिपत्रक निघालं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरलं जातं. रेल्वेने मात्र घेणाऱ्याच्या बाजूनेही नोंद मागितली आणि तिथंच या व्यवस्थेचं मर्म आहे.

याचं आणखी एक रूप मला विशेष मोलाचं वाटतं. वाटेत कुठे रुळाचं काम चालू असेल, पूल कमजोर असेल, तर ड्रायव्हरला, म्हणजे लोको पायलटला, कॉशन ऑर्डर देतात. अमुक किलोमीटरच्या खांबापासून तमुक खांबापर्यंत, ताशी अमुक वेग. तो वाचून सही करतो. पण समजा पुढच्या टप्प्यात कुठेच बंधन नाही, तर? कागदच द्यायचा नाही, असं आपल्याला वाटेल. रेल्वे तेव्हाही कागद देते. त्याला ‘निल कॉशन ऑर्डर’ म्हणतात. पुढे कसलंही बंधन नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं आणि त्यावरही सही होते. कारण हातात कागद नसेल तर त्याचे दोन अर्थ निघतात: पुढे काही नाही, किंवा सांगायचं राहून गेलं. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळू न देण्यासाठी तो कोरा वाटणारा कागद आहे. किती कार्यालयांमध्ये ‘काही कळवलं नाही म्हणजे काही नसेल’ या समजुतीवर महिने निघून जातात, हे आठवून पाहावं.

पावसाळ्यातल्या गस्तीचंही तसंच. रात्री रुळांवरून चालणाऱ्या गस्तवाल्याजवळ एक वही असते. आपल्या हद्दीच्या टोकाला शेजारचा गस्तवाला भेटला की दोघं वह्यांची अदलाबदल करतात. वही स्टेशनात पोचली की मास्तर तिच्यावर वेळ टाकून सही करतो. त्यामुळे एकच वही माणसांच्या हातांतून सगळा टप्पा पार करते आणि मधला कुठलाही तुकडा न पाहिलेला राहत नाही. गस्तवाला ठरल्या वेळी आला नाही, तर ‘अजून खबर नाही’ असं म्हणून मास्तर बसून राहत नाही. न येणं हीच खबर समजून गाड्यांना सावध केलं जातं.

पाळी बदलण्याची वेळ सर्वांत नाजूक. जाणाऱ्याला घरी जायचंय, येणाऱ्याचं डोकं अजून कामात शिरलेलं नाही. म्हणून चार्ज देणं ही तोंडी गोष्ट नसते. कुठल्या लाइनवर गाडी उभी आहे, कुणाला लाइन क्लिअर दिली आहे, कुठलं यंत्र बिघडलेलं आहे, कुठल्या कॉशन चालू आहेत, हे डायरीत लिहून दोघांच्या सह्या होतात. रजा घेऊन आलेल्या माणसाने आपण नसताना काय काय बदललं ते वाचून मगच खुर्चीत बसायचं असतं.

प्रत्येक स्टेशनाचे स्वतःचे नियम असतात, स्टेशन वर्किंग रूल्स. लाइनी किती, सिग्नल कुठे, कुठल्या कामाची जबाबदारी कुणाची, हे त्यात त्या स्टेशनापुरतं लिहिलेलं. मार्ग दुहेरी झाला की ते बदलतात. बदललेले नियम वाचले, समजले, अशी प्रत्येकाची सही अ‍ॅश्युरन्स रजिस्टरमध्ये घेतात. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं, आणि मगच त्याची सही घ्यायची. नांदेड विभागात मराठी, तेलुगू आणि हिंदी बोलणारी माणसं एकाच पाळीत असतात. तिथं ही अट कागदापुरती ठेवून चालत नाही.

आता रेल्वेचा एक नियम असा, जो मी प्रत्येक कार्यालयाच्या प्रमुखाला वाचून दाखवीन. लोको पायलटला गाडी चालवता येणं वेगळं आणि एखादा मार्ग ठाऊक असणं वेगळं, हे रेल्वे मानते. नव्या मार्गावर एकट्याने गाडी नेण्याआधी त्याला ‘लर्निंग रोड’ करावं लागतं. मार्ग जाणणाऱ्याच्या सोबत इंजिनात बसून साधारणतः तीन फेऱ्या, त्यातली एक रात्रीची. सिग्नल कुठल्या वळणानंतर दिसतो, चढ कुठे सुरू होतो, ब्रेक कुठून लावायला घ्यायचा, हे नकाशात असतं. तरीही नकाशा देऊन भागत नाही, म्हणून फेऱ्या. त्यानंतर तो लिहून देतो की हा मार्ग मला ठाऊक झाला. पुढची तरतूद त्याहून विचार करायला लावणारी आहे. त्या मार्गावर तो तीन महिन्यांहून जास्त काळ गेला नसेल तर त्याचं लिहून दिलेलं बाद होतं. तीन ते सहा महिन्यांचा खंड असेल तर एक फेरी, सहा महिने ते दोन वर्षं असेल तर दोन, त्याहून जास्त असेल तर पुन्हा तीन.

माणूस विसरतो, हे या संस्थेने अधिकृतपणे मान्य केलं आहे आणि विसरण्याचं वेळापत्रकही बांधलं आहे. आपल्याकडे एकदा प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, की ते ज्ञान निवृत्तीपर्यंत ताजं आहे असं धरून चालतात. आग विझवण्याचं नळकांडं दाखवणारा वर्ग पाच वर्षांपूर्वी झाला असेल, आणि त्या वर्गातली निम्मी माणसं बदलून गेली असतील. तरीही तपासणीच्या फॉर्मवर ‘प्रशिक्षण दिले आहे’ समोर बरोबरची खूण होते.

सगळंच मात्र वहीत बसत नाही. परभणी-पूर्णेच्या पट्ट्यातली जमीन काळी, कापसाची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर टाकलेला रूळ स्थिर ठेवणं हे कष्टाचं काम. खडी हळूहळू मातीत रुतते, चिखल वर येतो, एक बाजू बसते. रुळाची भूमिती मोजणारी गाडी ठरावीक काळाने धावते आणि बिघाडाचे आकडे देते. पण पहिल्या दोन-चार पावसांनंतर नेमकी कुठली जागा बसणार, कुठल्या मोरीला शेताचं पाणी येऊन तुंबतं, बांध कुणी फोडल्यापासून ते पाणी इकडे वळलं, हे रूळ राखणाऱ्या गँगच्या मुकादमाला, म्हणजे मेटला, आणि रुळांच्या चाव्या तपासत रोज तोच टप्पा चालणाऱ्या कीमनला ठाऊक असतं. हातोडीच्या आवाजावरून सैल चावी ओळखणारा माणूस तो आवाज कसा असतो हे लिहून देऊ शकत नाही.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६च्या आपल्या पुस्तकात हेच सांगितलं. आपल्याला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. १९९०च्या दशकात इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी जपानी कंपन्यांचा अभ्यास करून या अबोल ज्ञानाला व्यवस्थापनाच्या मध्यभागी आणलं. मला त्यांच्याहून ज्युलियन ओर या मानववंशशास्त्रज्ञाचं काम जास्त जवळचं वाटतं. त्याने १९८०च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्या माणसांबरोबर दिवस घालवले. कंपनीने त्यांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या: यंत्र असं वागलं तर हे पाहा, तसं वागलं तर ते पाहा. अवघड बिघाडाशी गाठ पडली की ती पुस्तिका पुरत नसे. मग ही माणसं एकमेकांना किस्से सांगत. ‘अमक्या ऑफिसातल्या मशीनने असंच केलं होतं, आणि शेवटी निघालं काय तर...’ जेवताना, कॉफी पिताना होणाऱ्या त्या गप्पांना कंपनी वेळेचा अपव्यय समजत असे; ओरने दाखवलं की दुरुस्तीची खरी शाळा तीच आहे. पुढे झेरॉक्सने या माणसांच्या युक्त्या साठवणारी युरेका नावाची संगणक व्यवस्था उभी केली. फ्रान्समध्ये ती आधी चालवून पाहिली. युक्ती लिहिणाऱ्याला पैसे द्यावेत का, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्या माणसांना पैशांपेक्षा युक्तीखाली आपलं नाव हवं होतं. युक्ती खरी की खोटी हे त्यांच्यातलेच अनुभवी लोक तपासत.

आपल्याकडे कीमनच्या डायरीत जागेची नोंद असते, कारणाची क्वचित असते. त्याने सांगितलेलं कारण त्याच्या नावासकट कुठे टिकत नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याला नारळ आणि शाल मिळते, आणि त्या टप्प्याचं तीस वर्षांचं ज्ञान संध्याकाळच्या गाडीने गावी जातं.

लिहिलेलं खोटं निघालं तर काय होतं, हे २ जून २०२३च्या संध्याकाळी ओडिशातल्या बालेश्वर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकात दिसलं. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा सिग्नल होता. पॅनेलवरही मेन लाइनच दिसत होती. प्रत्यक्षात सांधा बाजूच्या लूप लाइनकडे वळलेला होता आणि तिथं मालगाडी उभी होती. २९०हून अधिक माणसं गेली. अशा अपघातांची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. चौकशी स्वतंत्र राहावी म्हणून ते रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. त्यांच्या अहवालात मूळ कारण निघालं ते सिग्नलच्या जोडणीतल्या फेरफारांचं. काही वर्षांपूर्वी वायरिंगमध्ये बदल झाला होता, पण जोडपेटीतल्या वायरींवरची नावं बरोबर उरली नव्हती. त्या दिवशी काम करणाऱ्यांनी पेटीवरच्या नावांवर विश्वास ठेवला. अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली. १६ मे २०२२ रोजी, त्याच खडगपूर विभागातल्या बांकरानयाबाज स्थानकात याच प्रकारची चूक घडली होती. तेव्हा प्राणहानी झाली नाही. तिच्यातून धडा घेऊन सगळीकडची जोडणी तपासली असती तर बहानगा टळला असता.

थोडक्यात वाचलेल्या प्रसंगाची माहिती हे कुठल्याही कामाच्या जागी सर्वांत स्वस्तात मिळणारं ज्ञान. कुणी मेलेलं नसतं, काही जळालेलं नसतं, फक्त चूक कुठे होऊ शकते ते कळलेलं असतं. आणि हेच ज्ञान सर्वांत आधी दडपलं जातं, कारण ते सांगणाऱ्याला ‘तू काय करत होतास’ हा प्रश्न ऐकावा लागतो. अमेरिकेत १९७६पासून विमान कर्मचाऱ्यांसाठी अशा प्रसंगांची गोपनीय नोंद घेण्याची व्यवस्था आहे. ती विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारं खातं चालवत नाही. ती नासाकडे सोपवलेली आहे, म्हणजे शिक्षा देणारा आणि ऐकणारा वेगळा राहतो.

आता रुळांवरून शिवारात येऊ.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गाव तलाठीच म्हणतं. त्याच्या दप्तरात गाव नमुना एक ते एकवीस. सगळ्यांना ठाऊक असतो तो सात-बारा. सात हा अधिकारांचा, बारा हा पिकांचा. सात-बाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. नाव का बदललं, वारसाने, खरेदीने की वाटणीने, ते त्या क्रमांकावर नमुना सहामध्ये सापडतं. जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, कंस करून ठेवतात. म्हणजे आजचा उतारा हाती घेऊन क्रमांकामागे क्रमांक काढत आजोबांच्या काळापर्यंत जाता येतं. एखादी गोष्ट काय आहे यासोबत ती तशी का झाली, हे इतक्या थोड्या जागेत बांधून ठेवणारी दुसरी पद्धत शोधूनच काढावी लागेल. मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर निर्णय सापडतात, निर्णयाची कारणं सापडत नाहीत.

पण मराठवाड्यात हा धागा मागे नेला की एका ठिकाणी हात थांबतो. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की तो ज्या इसवी सनात सुरू झाला ते साल येतं, म्हणजे हा कायदा १९०७चा. वरच्या दफ्तरांची भाषा उर्दू, गावपातळीवर मोडी. दप्तर वतनदार पटवाऱ्याच्या घरी, कापडात बांधलेलं. त्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जाणारं ज्ञान फार पक्कं होतं, यात शंका नाही. तरी त्या व्यवस्थेची आठवण गोड करून सांगणं मला पटत नाही. कुणाची जमीन कुणाच्या नावावर लागली आहे हे एकाच घराला ठाऊक असणं, आणि ज्याची जमीन आहे त्याला ते वाचता न येणं, यातून कुळांचं आणि लहान शेतकऱ्यांचं काय झालं हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. कामाच्या जागचं ज्ञान एका माणसापाशी साठलं की ते सत्ता होतं. वतनं गेली, पगारी तलाठी आले, १९६६चा महसूल अधिनियम आला, पुढे उतारे संगणकावर गेले, हे सगळं त्या सत्तेला दिलेलं उत्तर होतं.

या बदलात कागद बहुतांशी टिकले, वाचणारे गेले. शाळांतून मोडी गेली, उर्दूत दप्तर लिहिणारी पिढी संपली. त्याची किंमत सप्टेंबर २०२३ नंतर कळली. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि प्रत्येक तहसिलीत अभिलेख कक्ष उघडले. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं. मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रं मिळावीत या मागणीबद्दल कुणाचं मत काहीही असो, दफ्तराच्या दृष्टीने घडलं ते असं: आपल्याच कपाटात काय आहे हे वाचायला प्रशासनाला मोडी आणि उर्दू जाणणारी माणसं शोधत फिरावं लागलं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, म्हणून निदान काही माणसं तरी हाताशी होती. कागद जपणं आणि तो वाचण्याचं ज्ञान जपणं, यांचा खर्च वेगवेगळा मांडावा लागतो. दुसऱ्या खर्चाचं लेखाशीर्ष बहुतेक कार्यालयांत नसतंच.

महाराष्ट्रात कार्यालयीन माहितीच्या व्यवस्थेवर कुणी मनापासून काम केलं असेल तर ते १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखीना यांनी. ‘लखीना पॅटर्न’ हे नाव आजही कारकुनांच्या तोंडी आहे. त्यातली सहा गठ्ठा पद्धत तर घराघरात वापरण्यासारखी. टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत: निपटाऱ्यासाठी प्रलंबित, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारे, ठरावीक काळाने द्यायच्या विवरणपत्रांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात पाठवायचे, आणि नष्ट करायचे. याचा खरा लाभ शेजारच्या टेबलावरच्या माणसाला. तुम्ही रजेवर असलात तरी तुमचा कागद त्याला सापडतो. आणि सहावा गठ्ठा मला फार महत्त्वाचा वाटतो. काय टाकून द्यायचं हे ठरवून, नियमाने, मुदत पाहून टाकणं. शासनाच्या वर्गवारीत काही कागद कायमचे, काही तीस वर्षांचे, काही वर्षभराचे. टाकण्याची ही शिस्त नसली की महत्त्वाचे कागद बिनमहत्त्वाच्या ढिगाखाली वाळवी खातात.

महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केंद्राच्या आधीच केला, केंद्राचा २००५ मध्ये आला. त्या केंद्रीय कायद्याचं कलम ४ फार थोडे वाचतात. नागरिकाने अर्ज करण्याच्याही आधी, प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकासह ठेवावेत, असं त्यात पहिलं कर्तव्य सांगितलं आहे. अर्जांना ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर जातं तेव्हा मोडलेलं असतं ते हे कलम.

आज या सगळ्या वह्यांच्या जागी व्हॉट्सॲपचा ग्रुप आला आहे. सकाळी आदेश ग्रुपवर पडतो, दुपारी त्याची दुरुस्ती, संध्याकाळी दुरुस्तीची दुरुस्ती, मध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा. वेग त्यात आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर आला तर हाच ग्रुप गाव वाचवतो. पण बदली झालेला माणूस ग्रुप सोडतो आणि त्याच्या फोनमधल्या दोन वर्षांच्या आदेशांसकट निघून जातो. नव्याला ग्रुपात घेतलं की त्याला सहसा आजपासूनचंच दिसतं. दोन निळ्या खुणा म्हणजे निरोप उघडला गेला. समजून घेतला, मान्य केला, याची तिथं कुणी सही करत नाही. जी कार्यालयं ग्रुपवरचा प्रत्येक आदेश त्याच दिवशी स्थायी आदेशांच्या संचिकेत उतरवतात, तिथं हा धोका उरत नाही. हे काम अर्ध्या तासाचं आहे, फक्त ते कुणाचं तरी म्हणून नेमून द्यावं लागतं.

तलाठ्याच्या बदलीलाही लर्निंग रोडसारखा नियम का नसावा, असा माझा सरळ प्रश्न आहे. आज चार्ज म्हणजे रजिस्टरांची यादी आणि दोन सह्या. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो नोंदवतो, त्यामुळे नव्या तलाठ्याला शिवारात जाण्याचं एक कारण आणखी कमी झालं. कुठल्या गटाची वहिवाट कागदाहून वेगळी आहे, कुठला पाणंद रस्ता नकाशात आहे आणि जमिनीवर नांगरला गेला आहे, कुठल्या दोन भावांची वाटणी तोंडी झाली आणि फेरफार राहिला, हे ॲपमध्ये येत नाही. ते कोतवालाला माहीत असतं, जुन्या तलाठ्याला माहीत असतं. त्या दोघांबरोबर नव्याने शिवार फिरावं, एकदा खरिपात, एकदा रब्बीत, एकदा मोजणीच्या दिवशी, आणि ते झाल्यावरच कार्यभार पूर्ण समजावा.

यावरचा आक्षेपही खरा आहे. बदल्या एका आदेशाने होतात, जागा रिकाम्या असतात, आणि एकेका तलाठ्याकडे शेजारच्या सजाचा अतिरिक्त कार्यभार असतो. तो शिवार फिरणार कधी? म्हणून सुरुवात बदल्यांपासून करू नये, निवृत्तीपासून करावी. पुढच्या वर्षी कोण निवृत्त होणार ही यादी प्रत्येक तहसिलीत आधीच तयार असते. त्या तारखेच्या सहा महिने आधी पुढच्या माणसाचं नाव ठरलं, तर निदान एक हंगाम दोघांना त्याच बांधांवरून एकत्र चालता येईल. त्या फेऱ्यांची तारीख, गट क्रमांक आणि जुन्याने सांगितलेली कारणं लिहायला एक साधी वही पुरेल. वरच्या अधिकाऱ्याने ती वही वार्षिक तपासणीत मागायला हवी. तपासणीत जे मागितलं जात नाही ते कार्यालयात दुसऱ्या वर्षी लिहिलं जात नाही.